दागिन्याचं माहेरपण

भाईंदर पश्चिम
२ ऑक्टोबर २०२४

यतीन,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून दचकला असशील. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. वर्षभर अबोला धरलेल्या बहिणीनं एकदम कागदावर लिहिलं म्हणजे काहीतरी वाईटच असणार असं तुला वाटणार. फोन केला असता, पण फोनवर आपण दुसऱ्या वाक्याला भांडतो. मेल बँकेची, आणि आमची बँक आता तुमच्या जर्मन बँकेच्या मालकीची. तेव्हा कागद.

मला अजून राग आहे, हे आधीच सांगून ठेवते. गेल्या वर्षीच्या गणपतीत तू माझ्या बँकेला किराणा मालाचं दुकान म्हणालास. मी म्हटलं, मग त्या दुकानाच्या पगारातून केलेले मोदक खाऊ नकोस. तू ताटावरून उठलास आणि दोन दिवस आधीच फ्रँकफर्टला परत गेलास. यंदा गणपती आले आणि गेले, तुझा फोन नाही. मीही केला नाही. आपण दोघंही आईवर गेलोय.

काम आहे म्हणून लिहितेय.

उत्तनजवळच्या पालीची ऑड्रे तुला आठवते का? लिओनार्डची बायको, होडीवाले. बाबा हेड कॅशियर होते तेव्हा तिची सासू शाखेत यायची आणि बाबांच्या टेबलावर न विचारता सुक्या बोंबलांची पिशवी ठेवून जायची. आता ऑड्रे येते आणि पिशवी माझ्या टेबलावर ठेवते. सोनेतारणाचं टेबल माझ्याकडे आहे, हे तुला माहीत असेल असं धरून चालते. नसलं तर लाज वाटू दे.

आणि ते माहेरपण आठवतंय का? बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याचा विश्वास बसणार नाही. तूही आता बाहेरचाच झालास, म्हणून नीट सांगते. पाली-उत्तनच्या बायका पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की सोनं आमच्याकडे तारण ठेवतात आणि मोसम बरा गेला की सोडवतात. मधेच घरात लग्न निघालं, तर दागिना लग्नाच्या आदल्या दिवशी तिजोरीतून बाहेर निघायचा आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शाखा उघडताना परत यायचा. शाखेत सगळे त्याला माहेरपण म्हणायचे. "एक माहेरपण आहे" एवढं कुणी म्हटलं की बाबा किल्ल्या काढायचे. बाबांनंतर मी काढत आले. हे कुठल्याही नियमात नव्हतं. पण परत आला नाही असा एकही दागिना मी पाहिला नाही. दागिना रुमालात बांधून यायचा आणि त्याच रुमालात लग्नाच्या केकचा तुकडा असायचा. त्या केकसाठी तू शाळेतून धावत यायचास. रमचा वास येतो म्हणून आई ओरडायची आणि बाबा म्हणायचे, खाऊ दे गं, झोप चांगली लागेल.

तर ऑड्रेची मुलगी जॉय, मीरा रोडला नर्स आहे. तिचं लग्न ठरलंय, १२ जानेवारीला. त्यांच्या घरात सोन्याच्या मण्यांची एक जुनी पोत आहे, लिओनार्डच्या आजीची. त्या घरातली प्रत्येक मुलगी ती पोत घालून चर्चची पायरी चढते. लिओनार्डच्या दोन्ही बहिणींच्या लग्नांना ती आमच्याच तिजोरीतून गेली होती. आता ती पुन्हा तारण आहे. कारण ऐक, तुझ्या उपयोगाचं आहे. लिओनार्डला होडीच्या नव्या इंजिनासाठी कर्ज हवं होतं. पूर्वी आम्ही होडी बघून द्यायचो. आता कॉम्प्युटर देतो आणि कॉम्प्युटर नाही म्हणाला. त्याच आठवड्यात जॉयला न मागता क्रेडिट कार्ड मंजूर झालं. म्हणून मे महिन्यात त्यांनी पोत ठेवली. व्याज एकदाही चुकलेलं नाही. पण मोसम आत्ता कुठे सुरू झालाय, जानेवारीपर्यंत मुद्दल फिटणार नाही.

आणि तिजोरी आमच्याकडे राहिली नाही. तुमची बँक आल्यापासून सगळ्या शाखांचं तारण सोनं नवी मुंबईच्या मध्यवर्ती तिजोरीत जातं. माझ्याकडे किल्ली नाही, फक्त कॉम्प्युटरचा पडदा आहे. पडद्यावर सोन्याच्या पाकिटाचा क्रमांक दिसतो.

मी खोटं बोलणार नाही. तुमचे पैसे आले नसते तर आम्ही बुडालो असतो. आमच्या जुन्या संचालकांनी बँक बिल्डरांना वाटून टाकली होती. ठेवीदार शटरबाहेर उभे होते आणि मी आत बसून त्यांना उद्या या म्हणत होते. परदेशी भांडवल आलं त्या दिवशी पेढे मीच आणले. हे तुला गणपतीत सांगायचं राहून गेलं, कारण तू दुकान म्हणालास.

मला एकच गोष्ट हवी आहे. एक दिवसासाठी ती पोत बाहेर यावी. हो म्हणू शकेल असा माणूस इथे मला सापडत नाही. तिकडे कुणी आहे का, एवढं विचारून बघ. तू त्याच इमारतीत बसतोस.

ताई


भाईंदर पश्चिम
२७ ऑक्टोबर २०२४

यतीन,

तुझी मेल आली. "ताई, विचारतो. नियमात बसवता येतंय का बघतो." वर्षभरानंतर दोन ओळी. पण पहिला शब्द ताई होता, म्हणून माफ. मी ती मेल बसथांब्यावर उभ्याउभ्या वाचली आणि शेजारच्या गुजराती काकूंना उगाच सांगितलं, "भाई का मेल है, जर्मनी से." त्या म्हणाल्या, "अच्छा, शादी हो गया?" त्यांना काय सांगणार, मी सोडून दिलं.

ऑड्रेला सांगितलं. खरं तर थांबायला हवं होतं, पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला माहीत आहे. ती टेबलासमोर बसली होती. मी म्हटलं, माझा भाऊ वरच्या ऑफिसात आहे, तो बघतोय. तिनं विचारलं, "केकवाला भाऊ?" म्हणजे बघ, पालीत तुझी कीर्ती काय आहे. मग म्हणाली, "तं मंग झालाच. घरचाच मानूस हाय." आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन बायका विचारायला आल्या, त्यांच्याही घरी लग्नं आहेत. मी त्यांना थांबा म्हटलं. आधी एक जमू दे.

आमच्याकडे आता स्वप्नील मॅनेजर आहे, तुमच्याच ट्रेनिंगमधून आलेला, तिशीचा. मुलगा वाईट नाही. मला मॅम म्हणतो आणि शाखेतल्या प्रत्येक जुन्या वस्तूला लेगसी म्हणतो. परवा पंख्याला म्हणाला. मी खोलीत नसले की मलाही म्हणत असेल. त्याला माहेरपण समजावलं तर तो खरंच हसला. "मॅम, हे खूप ब्युटिफुल आहे," म्हणाला, आणि मग हळू आवाजात, "पण माझ्या लॉगिनमध्ये तसं बटण नाहीये." त्याच्या लॉगिनमध्ये मला वाटतं खुर्ची सरकवायचंही बटण नाही. सगळं वरून चालतं. ग्राहक समोर रडत असला तरी तो पडद्याकडे बघतो, पडद्यावर काय उमटतंय ते वाचून दाखवतो. मला त्याचा राग येत नाही, कीव येते. तो कांदिवलीला भाड्यानं राहतो आणि त्याच्या बायकोला इथली नोकरी आवडत नाही.

कुजबुज अशी आहे की छोटी सोनेतारण कर्जं बँकेला आता नकोशी झालीत. तुला काही माहीत असेल तर सांग. नसेल तरी सांग.

दिवाळीला अनारसे करतेय. यंदा पीठ बिघडलं नाही तर. तिकडे कुणी येणार असेल तर डबा देईन. आणि बाबांचा फोटो मी नवीन चौकटीत बसवून घेतला, तोच, शाखेच्या दारातला, हातात किल्ल्या असलेला.

ताई


भाईंदर पश्चिम
१७ नोव्हेंबर २०२४

यतीन,

तुझ्यावर ओरडायचं ठरवून बसलेय आणि ओरडता येत नाहीये.

मुंबईच्या मुख्य ऑफिसातून दोघं आले होते, एक माणूस आणि एक मुलगी. फार सभ्य. आमचा चहा घेतला नाही, स्वतःच्या बाटल्यांतलं पाणी प्यायले. त्यांनी माझ्यासमोर तुझ्या प्रश्नाची छापील प्रत ठेवली. इंग्रजी, एका पानाची, तुझ्या नावाची. मधे आपला शब्द होता, माहेरपण, रोमन लिपीत. पुढे तू त्याचा अर्थही दिला होतास की ही लेखी नसलेली पद्धत आहे, दागिना एक दिवस घरी जातो आणि विश्वासावर परत येतो. छान लिहिलं होतंस. त्या क्षणीसुद्धा मला वाटलं, बाबांना दाखवायला हवं होतं.

तू विचारलं होतंस की याला नियमात जागा करता येईल का. तो प्रश्न तुझ्या साहेबांकडून वर गेला, वरून बाजूच्या खात्याकडे गेला, आणि बाजूच्या खात्यानं वेगळंच विचारलं. हे आजवर कुणी केलं आणि कुणासाठी केलं. तू एक दार वाजवलंस आणि दुसरं उघडलं.

आणि पुढचं मी केलं. त्या मुलीनं विचारलं तेव्हा मी नाही म्हणू शकले असते. तिच्याकडे काहीच पुरावा नव्हता. पण ती इतक्या नीट ऐकत होती, मान हलवत होती, लिहून घेत होती. मला वाटलं तिला पटतंय. म्हणून मी सगळं सांगितलं. कुठल्या घरातला कुठला दागिना, तो कसा परत आला, लिओनार्डच्या बहिणींच्या वेळी पोत कशी गेली आणि आता जॉयला ती कशी हवी आहे. अभिमानानं सांगितलं. म्हटलं, लिहा, हेसुद्धा लिहा. तिनं लिहिलं. जाताना माझा हात हातात घेऊन थँक्यू मॅडम म्हणाली, आणि मी घरी येऊन देवापुढे दिवा लावला. एवढी मूर्ख बाई तू पाहिलीयस का?

मी नावं घेतलेली सगळी खाती आता अनियमित ठरली आहेत. आपल्याकडे मुदत संपली की व्याज भरून कर्ज पुढे चालू करायचं, ही कायमची पद्धत. अनियमित खात्याला ती सोय नाही. ऑड्रेची मुदत याच महिन्यात संपली. ती व्याज घेऊन आली तर पडद्यानं घेतलं नाही.

आणि कुजबुज खरी निघाली. छोटी सोनेतारण कर्जं एकगठ्ठा एका फायनान्स कंपनीला विकली जात आहेत, त्यात अनियमित खाती आधी. स्वप्नीलनं मला कारण समजावून सांगितलं, त्याला जेवढं समजलं होतं तेवढं. तिकडे तुमच्या बँकेनं ऑफिसच्या मोठमोठ्या इमारतींना कर्जं दिली होती, लोक घरून काम करायला लागले, इमारती रिकाम्या पडल्या, कर्जं बुडाली. मग तुमच्या सरकारी तपासनिसांनी सांगितलं की बाहेरच्या देशांतला पसारा आवरा. पसारा म्हणजे आम्ही.

मी हे बसमध्ये बसून पुन्हा पुन्हा मनाशी म्हणून पाहिलं. जर्मनीत ऑफिसं रिकामी झाली म्हणून पालीतली पोत विकायला निघाली. प्रत्येक पायरी कळते आणि शेवट कळत नाही. तुझ्याकडे अर्थशास्त्राची मोठी पदवी आहे. मला समजावून सांग, आणि असं सांग की मी ते ऑड्रेला सांगू शकेन.

मी बरी आहे. रजा शिल्लक होती, ती घेतलीय थोडी.

ताई


भाईंदर पश्चिम
१५ डिसेंबर २०२४

यतीन,

फोनवर तू रडलास. मला वाटायचं तू रडलास की मला बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही. तू योग्य माणसाला, योग्य मार्गानं, योग्य शब्दांत विचारलंस. तुझ्या जागी मी असते तर असंच केलं असतं, आपण बाबांची मुलं आहोत. तेव्हा ते माफीचं आता पुरे.

तुझे पैसे आले. मी नको म्हणणार होते, पण ऑड्रेचा चेहरा आठवला आणि गप्प बसले. लिओनार्डनंही व्यापाऱ्याकडून पुढच्या मासळीवर उचल घेतली. दोन्ही मिळून कर्ज पुरतं फिटत होतं. मग माहेरपणाचा प्रश्नच उरत नव्हता, पोत सरळ घरी येणार होती, कायमची. ऑड्रे मला म्हणाली, "बरा झाला एका अर्थी. आता कुनाचा उपकार नको." सकाळी तिनं केसात अबोली माळली होती.

आम्ही दोघी आधी शाखेत गेलो. स्वप्नीलनं उठून खुर्ची दिली, खाते क्रमांक टाकला आणि तोच क्रमांक पुन्हा टाकून पाहिला. मग म्हणाला, खातं इथे नाही, दुसरीकडे वर्ग झालंय. पैसे घ्या ना, मी म्हटलं, तुम्ही घ्या आणि तिकडे पाठवा. त्यानं पडदा माझ्याकडे फिरवला. रक्कम भरायची चौकट राखाडी झाली होती, तिच्यावर काही लिहिता येत नव्हतं. मी तरी दाबून पाहिली, दोनदा. स्वप्नीलनं मला दाबू दिलं.

मग रिक्षानं पूर्वेला, केबिन रोडला. कपड्यांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर त्या फायनान्स कंपनीचं ऑफिस आहे. रंग ताजा, भिंतीवर हसणाऱ्या बाईचं पोस्टर, हातात बांगड्या. दोन मुली टॅब घेऊन बसलेल्या. एकीनं नंबर टाकला आणि म्हणाली, "आंटी, ये तो क्लोज हो गया. ऑक्शन डन."

मी विचारलं, नोटीस? तिनं दाखवलं. नोटीस पाठवलेली होती. लिओनार्डच्या मोबाईलवर, दोन वेळा; कर्जाच्या कागदावर त्याचाच नंबर होता. तो मोबाईल या मोसमाच्या सुरुवातीला जाळं ओढताना समुद्रात पडला. नवीन नंबर घेतला तेव्हा शाखेत येऊन बदलायचा असतो, हे त्याच्या डोक्यातही आलं नसणार. आम्ही त्याला ओळखतो, त्याला आमच्याकडे नंबर कशाला लागतो? वर्तमानपत्रातही जाहिरात होती म्हणे. सगळं होतं.

ऑड्रेला हिंदी समजतं, पण ऑक्शन तिला समजलं नाही, किंवा समजून घ्यायचं नव्हतं. तिनं पिशवीतून पैसे काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "पूरा है, गिन लो." ती मुलगी घाबरली. "आंटी, मैं नहीं ले सकती, किस में लूँ?" ऑड्रेनं पैसे पुढे सरकवले. मुलीनं परत सरकवले. असं थोडा वेळ चाललं. दुसरी मुलगी पाणी घेऊन आली. मी विचारलं, जिसने लिया उसका नाम? मुलगी म्हणाली, एक-एक नहीं जाता, लॉट में जाता है, रिफायनरी में.

रिफायनरी म्हणजे काय, ऑड्रेनं मला विचारलं. मी म्हटलं, कारखाना. तिथे काय करतात, तिनं विचारलं. मी म्हटलं, मला नक्की माहीत नाही.

मला नक्की माहीत आहे, यतीन. तुलाही माहीत आहे. वितळवतात.

परतताना तिनं अबोली काढून पिशवीत ठेवली. तुझे पैसे मी परत पाठवते आहे.

ताई


भाईंदर पश्चिम
२७ डिसेंबर २०२४

यतीन,

नाताळला पालीला गेले होते. दरवर्षी जाते तशी. जाऊ नये असं वाटत होतं, पण न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. लिओनार्डनं दार उघडलं आणि या म्हणाला. पूर्वी म्हणायचा तसंच. त्यांनी कुणीही मला काही बोल लावला नाही. बोल लावला असता तर मी उत्तर तरी दिलं असतं.

लिओनार्डनं मला ऑड्रेचा फोन दाखवला. बँकेचा मेसेज आला होता. लिलावात कर्ज फिटून जे जास्तीचे उरले ते ऑड्रेच्या खात्यात जमा झालेत, पैशासकट बरोबर. "याचा काय कराचा?" त्यानं विचारलं. मी हिशोब ताडून पाहिला, माझी सवय. एक पैसा कुणी खाल्लेला नाही. कुठे चूक असती तर मी तक्रार केली असती, बँकिंग लोकपालाकडे गेले असते, वर्तमानपत्रात गेले असते. आमच्या जुन्या संचालकांनी बँक लुटली तेव्हा निदान शिव्या घालायला माणसं होती, त्यांची नावं होती, त्यांच्या गाड्या आम्हाला ओळखता यायच्या. इथे सगळे आपापलं काम नीट करणारे. तुम्ही पैसे घातलेत म्हणून त्याच गावातल्या बायकांच्या ठेवी वाचल्या, हेही खरं. ऑड्रेच्या सासूची ठेव वाचली, तिच्या औषधाला आली. आता मी कुणाशी भांडू?

ऑड्रेला मी तू पाठवलेलं उत्तर सांगून पाहिलं. तू तीन पानं लिहिलीस त्याबद्दल तुझे आभार, खरंच. भांडवल का येतं, का परत ओढलं जातं, येताना देशाचं काय भलं होतं, जाताना कुणाचं वाईट होतं. मी चुलीपाशी बसून तिला सोप्या भाषेत सांगितलं. ती मटण ढवळत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे त्यांच्याकडं भरती-ओहोटी हाय." मी म्हटलं, हो, तसंच काहीसं. ती म्हणाली, "आमाला भरतीचा टायम ठावं असतो, नीलमबाय. त्यांचा कोन सांगल?" याचं उत्तर तुला येत असेल तर चौथं पान लिही.

एक गोष्ट लपवली होती. मी रजेवर नाही. ते दोघं येऊन गेल्यावर आठवड्याभरात निलंबनाचा कागद आला. ग्राहकांचं तारण विनापरवाना बाहेर दिल्याबद्दल. सही तुझ्या साहेबांची नव्हे, मुंबईच्या साहेबांची आहे, तेव्हा उगाच तिथे बसून स्वतःला खाऊ नकोस. चौकशी होईल. स्वप्नीलनं कागद देताना दोन्ही हातांनी दिला, लग्नपत्रिका देतात तसा. मी घेतला आणि त्याला म्हटलं, बस, चहा घे. त्यानं घेतला.

जॉयला मी माझी सोन्याची साखळी देऊ केली. ऑड्रे नको म्हणाली. जॉय तर हसली. "आँटी, दुसऱ्याचं घालून फोटो कशाला काढू?" मग उठून आत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. डोळे धुतलेले होते.

मला फार असहाय वाटतं, यतीन. हा शब्द मी आयुष्यात स्वतःसाठी वापरला नव्हता.

ताई


भाईंदर पश्चिम
१३ जानेवारी २०२५

यतीन,

लग्न झालं. काल दुपारी. तू पाठवलेलं फुलदाणीसारखं जे काही होतं ते पोचलं, जॉयला आवडलं असं ती म्हणाली.

तिनं गळा मोकळा ठेवला. पांढरा गाऊन, हातात फुलं, कानात लहान मोती आणि गळ्यात काही नाही. पालीच्या चर्चमध्ये मागच्या बाकांवर म्हाताऱ्या बायका बसतात. त्या घरातल्या मुलीच्या गळ्यात काय असतं हे त्यांना सगळ्यांना माहीत आहे. जॉय आत आली तेव्हा त्यांचे डोळे गळ्यावर गेले आणि लगेच खाली वळले. एकीनंही विचारलं नाही. जेवणाच्या वेळीही नाही. मी भिंतीला धरून बसले होते, मला वाटत होतं सगळ्यांना कळलंय ही ती बँकेतली बाई. पण माझ्या ताटात वाढणं काही थांबलं नाही.

आज सकाळी स्वप्नीलचा फोन आला. "मॅम, शाखा उघडायच्या आधीपासून एक बाई पायरीवर बसल्या होत्या. आता आत आहेत. तुम्हालाच भेटायचं म्हणतात. मी काय सांगू?" मी साडी बदलली आणि गेले.

मला कर्मचाऱ्यांच्या दारानं आत जायची परवानगी नाही. पुढच्या दारानं गेले. तिथे नवीन यंत्र बसवलंय, रखवालदारानं संकोचून मला टोकन काढून दिलं. ऑड्रे बाकावर बसली होती, कालचीच साडी, कालचीच वेणी सुकलेली. रात्रभर भांडी आवरली असणार. मांडीवर रुमाल होता, चारी टोकं बांधलेला.

मी शेजारी बसले. म्हटलं, ऑड्रे, अगं आज कशाला आलीस?

ती म्हणाली, "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बँकेत येवाचा असतो. सासू येवाची. मी येवाची. सकाली उठली आनि घरात पायच ठरना." मग रुमालाची गाठ सोडली. आत केकचा तुकडा होता, कागदात गुंडाळलेला. दुसरं काही नव्हतं. तिनं रुमाल उलगडून मांडीवर पसरला, हातानं सारखा केला, जणू आत आणखी काही असेल तर दिसावं. "रिकाम्या हातानं तरी कशी येव?" ती म्हणाली.

स्वप्नील काउंटरमागून बाहेर आला. त्यानं वाकून विचारलं, "काकू, काही जमा करायचंय का?" नेहमीचा प्रश्न, त्याला दुसरा येत नाही. ऑड्रे म्हणाली, "न्हाय रे पोरा. जमा कराला काय न्हाय." तो तिथेच उभा राहिला. पडद्यावर आमच्या टोकनचा क्रमांक आला, यंत्रानं तो मराठीत पुकारला, मग हिंदीत, मग इंग्रजीत. आम्ही दोघी बसूनच होतो. थोड्या वेळानं पुढचा क्रमांक आला आणि एक माणूस उठून आमच्या समोरून काउंटरवर गेला.

मी तिला रिक्षात बसवून दिलं. जाताना तिनं तुझी चौकशी केली. केकवाला भाऊ येनार कवा, म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, मी नीट ऐकलं.

केकचे मी दोन तुकडे केले. माझा खाल्ला, बाबांच्या फोटोखाली बसून. तुझ्यासाठी पोस्टात जाऊन विचारलं, पण खाण्याच्या वस्तू तुमच्या देशात पाठवायला नियम आहेत, टेबलावरच्या मुलीनं मला पूर्ण यादी वाचून दाखवली. तेव्हा तुझा तुकडा फ्रीजरमध्ये ठेवलाय. रमचा वास अजून येतो. तो खायला तुलाच यावं लागेल.

ताई